४८ खुर्च्या, एक राउटर: वाय-फायचा दर्जा आधी कागदावर मोजता येतो का?

अभ्यासिकावाला
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या.

तालुक्याच्या गावात माझी स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आहे. एक लांबट हॉल, ४८ खुर्च्या, पार टोकाला काचेची केबिन. फायबरचं कनेक्शन १०० एमबीपीएसचं, राउटर दाराशी माझ्या टेबलावर. सकाळी सगळं सुरळीत. संध्याकाळी सातनंतर मात्र एकेक जण उठून येतो, "सर, लेक्चर फिरतंय." फिरतंय म्हणजे ते गोल चक्र. त्याहून वाईट हाल केबिनमध्ये. तिथे व्हिडिओ कॉलवर मॉक मुलाखती होतात, पुण्याहून एक निवृत्त अधिकारी प्रश्न विचारतात. परवा ते म्हणाले, "तुमच्या जिल्ह्यातल्या..." आणि पुढचं सगळं कोंबडीने दाणे टिपावेत तसं, टक् टक् टक्. मुलगी हुशार, तिने अंदाजाने दुष्काळावर उत्तर दिलं. प्रश्न साखर कारखान्यांवर होता.

कनेक्शनवाला म्हणतो ३०० चा प्लॅन घ्या. पण रात्री बारा वाजता मी एकटाच असताना टेस्ट लावली तर व्यवस्थित ९४ येतात. मग प्लॅन वाढवून नेमकं काय वाढणार?

भाचा एमटेक करतोय. गणपतीत आला होता, त्याने पाठकोऱ्या कागदावर दोन समीकरणं लिहून दिली. "मामा, याचं मॉडेल असतं, किती जण बसले की किती टक्के टकरा होतात ते काढता येतं." एवढं बोलून मोदकांकडे गेला तो गेलाच. कागद माझ्याकडे आहे, डोक्यात काही शिरत नाही.

तर प्रश्न: पैसे घालण्याआधी असा हिशोब खरंच करता येतो का? की घ्या, लावा, बघा हाच एक मार्ग?

खडूस_काकू
अभ्यासिकेत वाय-फाय हवंच कशाला? आमच्या वेळी...
(वाक्य तुमचं तुम्ही पूर्ण करा.)

निळा_तांब्या
काकू, तुमच्या वेळी उमेदवार पण चार असायचे.

रुमाल टाकून ठेवतो. जाणकार येतीलच.

तिसरी_घंटा
आले. पोटापाण्याला हेच करते.

कनेक्शनवाला ज्या १०० बद्दल बोलतोय तो तुमच्या दारापर्यंतचा रस्ता. दारापासून खुर्चीपर्यंत हवा आहे, आणि हवेत एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. राउटरही त्याच रांगेत उभा. मालकाचा म्हणून त्याला फारसा वेगळा मान नाही.

रांगेचा नियम असा. बोलायचं असेल त्याने आधी कान द्यायचा. हवा ३४ मायक्रोसेकंद शांत राहिली की मनात ० ते १५ मधला कुठलाही एक आकडा धरायचा आणि दर ९ मायक्रोसेकंदाला एक असं उलटं मोजत यायचं. मध्येच दुसरा कोणी बोलू लागला तर मोजणी तिथेच थांबवायची, तो गप्प झाला की पुढून चालू. शून्यावर आलात की बोला. समोरून "पोचलं" अशी पावती आली तर काम झालं. नाही आली तर दोघं एकदम बोलले असं धरायचं, आणि पुढच्या खेपेला आकडा ० ते ३१ मधून निवडायचा. मग ६३, मग १२७, असं दुप्पट करत १०२३ पर्यंत. (वाय-फायचे दोन मुख्य पट्टे, ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ. हे आकडे ५ चे. २.४ वर थोडे वेगळे.)

म्हणजे बघा, एकही बिट न हलता किती वेळ नुसता ताटकळण्यात जातो. ३०० चा प्लॅन घेतलात तर या ताटकळण्यातला एक मायक्रोसेकंदही कमी होणार नाही.

कोल्हापुरी_ठसका
आयला, हे तर आमच्या घरातल्या बाथरूमसारखं झालं. सगळे कान देऊन बसलेत, आणि दार वाजलं की दोघं एकदम पळतात.

शून्यकाळ
अभ्यासिकावाले, हिशोब करता येतो. लोक पन्नास वर्षं करत आलेत.

१९७० च्या सुमारास हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि मंडळींनी बेटाबेटांवरची टर्मिनलं रेडिओने मुख्य संगणकाला जोडली. नाव ठेवलं अलोहा. तिथे कान देण्याची भानगडच नव्हती. पाठवायचंय ना, पाठवा. टक्कर झाली तर थोडं थांबून परत पाठवा. अशा वाहिनीचा जास्तीत जास्त १८.४ टक्केच वेळ सत्कारणी लागतो. सगळ्यांनी घड्याळं जुळवून ठोक्यालाच बोलायचं ठरवलं तर ३६.८ टक्के. १९७५ मध्ये क्लाइनरॉक आणि तोबागी यांनी "आधी ऐका, मग बोला" याचं गणित मांडलं. आपलं वाय-फाय त्याच घराण्यातलं.

भाच्याच्या कागदावर बहुतेक बियांकीचं मॉडेल असणार. ज्युसेप्पे बियांकी, इटलीचे, निबंध २००० सालचा. त्यात अज्ञात दोनच. एक टाऊ, म्हणजे एखादं यंत्र कुठल्याही ठोक्याला बोलायला उठेल याची शक्यता. दुसरी पी, म्हणजे ते उठल्यावर टक्कर होईल याची शक्यता. टकरा वाढल्या की यंत्रं लांब थांबतात, लांब थांबली की टकरा कमी होतात. दोघी एकमेकींच्या शेपट्या धरून फिरतात. जिथे दोन्ही समीकरणं जुळतात तो आकडा तुमचा.

आत्ताच स्प्रेडशीटवर काढले. सुरुवातीची खिडकी (म्हणजे आकडा जितक्यांतून निवडायचा ते) १६, सहा वेळा दुप्पट:
२ यंत्रं असली तर टक्कर साडेदहा टक्के.
५ असली तर २७.
१० असली तर ३८.
तुमच्या ४८ ला ५९ टक्के.

यातली गंमत एका गृहीतकात आहे. टकरेची शक्यता पहिल्या खेपेला जेवढी तेवढीच पाचव्या खेपेला, असं बियांकी धरून चालतात. काटेकोरपणे ते खरं नाही. तरी त्यांची उत्तरं सिम्युलेशनशी इतकी चपखल जुळली की पुढची सगळी पिढी त्याच वाटेने गेली. पुढे २००५ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अनुराग कुमार आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बियांकींची ती मोठी मार्कोव्ह साखळी (यंत्राची एकेक अवस्था आणि तिथून पुढे जाण्याच्या शक्यता) मांडायचीही गरज नाही, सरासरी किती थांबावं लागतं ते माहीत असलं की त्याच समीकरणावर येता येतं.

अभ्यासिकावाला
५९ टक्के??? म्हणजे निम्म्याहून जास्त वाया? मग कसं काय चालतंय हे आत्तापर्यंत?

बार्शीचा_बिनधास्त
घाबरू नका मालक. सरांनी आकडा बरोबर काढला, माणसं चुकीची मोजली.

त्या मॉडेलमध्ये प्रत्येक यंत्राकडे कायम पाठवायला काहीतरी असतंच असतं. संपृक्त अवस्था म्हणतात. तुमची ४८ पोरं एकाच वेळी अखंड काहीतरी वर चढवत बसली आहेत का? नाही. व्हिडिओ हप्त्याहप्त्याने येतो. दहा सेकंदांचा तुकडा घेतला की गप्प. निम्मी पोरं तर वही उघडून बसलेली, दोन-चार डुलक्या काढणारी.

आणि सगळी वाहतूक उतरती आहे, म्हणजे डाउनलोडची. बोलतो कोण? राउटर. ४८ जणांचं सामान एकट्याच्या डोक्यावर, पण रांगेत पाळी मात्र एकाचीच. उद्या पाच पोरांनी फोटोंचा बॅकअप लावला तर ते पाच आणि राउटर असे सहा जण समान हक्काने उभे. राउटरला सहावा हिस्सा, त्यात ४३ जणांची लेक्चरं. मला विचाराल तर खरी गोची इथे आहे. ते ५९ वगैरे परीक्षेत लिहायला ठेवा.

शून्यकाळ
बिनधास्त, मुद्दा मान्य, सूर अमान्य. संपृक्त मॉडेल हा सगळ्यात वाईट दिवसाचा हिशोब असतो. पूल बांधताना रोजच्या रहदारीचं वजन धरत नाहीत.

आणि ५९ टक्के टकरा म्हणजे ५९ टक्के वेळ वाया, असंही नाही. थांबण्याची खिडकी दुप्पट होत जात असल्यामुळे एकूण वेग तितका कोसळत नाही. मार खातो तो विलंब. माहितीचं एखादं पाकीट चटकन जातं, एखादं पाच खेपा खाऊन. लेक्चर बघणाऱ्याला ते कळत नाही, चार तुकडे आधीच येऊन पडलेले असतात. मुलाखत देणाऱ्याला कळतं.

बार्शीचा_बिनधास्त
सूर बदलला सर. _/\_

टपालपेटी
विलंबाचं मी सांगतो, अंगावर घेतलेलं आहे.

२००६ ची गोष्ट. एका मोठ्या रुग्णालयात (नाव नको) नर्सबाईंना वाय-फायवर चालणारे फोन द्यायचे होते. तेव्हा ११ एमबीपीएसचं वाय-फाय, मानकाचं नाव ८०२.११बी. आवाजाला लागतात ६४ केबीपीएस, जाऊन-येऊन १२८. आमच्या साहेबांनी कॅल्क्युलेटर काढला, अकरा भागिले शून्य पूर्णांक एकशे अठ्ठावीस, "ऐंशी कॉल सहज!" लगेच चहा मागवला.

मी कागदावर एकच पाकीट घेऊन बसलो. २० मिलिसेकंदांचा आवाज म्हणजे १६० बाइट. त्यावर पत्ते-बित्ते चढून साधारण २४०. ते हवेत जायला १७६ मायक्रोसेकंद. पण त्याआधी "ऐका, येतोय" अशी आरोळी, ती १९२. पावती, तिची स्वतःची आरोळी धरून, अडीचशेच्या घरात. सुरुवातीची शांतता ५०, पावतीआधीची १०, आणि उलटी मोजणी सरासरी ३१०. बेरीज जवळजवळ एक हजार, म्हणजे एक मिलिसेकंद. त्यात खरा आवाज ११६ मायक्रोसेकंदांचा. बाकी सगळं लग्नातलं मानपान.

एका कॉलची दर सेकंदाला पन्नास पाकिटं इकडून, पन्नास तिकडून. शंभर मिलिसेकंद. सेकंदात मिलिसेकंद हजार. म्हणजे कॉल दहा, ओढूनताणून बारा.

साहेबांना दाखवलं. म्हणाले, "थिअरी आहे रे ही." चाचणीच्या दिवशी अकराव्या फोनपर्यंत ठीक होतं. बारावा लागला आणि सगळ्यांचेच आवाज तुटायला लागले, फक्त बाराव्याचा नाही. ते दृश्य मी विसरणार नाही. बारा नर्सबाया कॉरिडॉरमध्ये एकमेकींकडे बघत "हॅलो, हॅलो".

तर मूळ प्रश्नाला माझं उत्तर: हो, कागदावर मोजता येतं. एमबीपीएस मोजू नका, हवेतला वेळ मोजा.

निळा_तांब्या
"बाकी सगळं लग्नातलं मानपान" याला दंडवत.

हेमा_उट्रेख्त
छान चाललाय धागा. अवांतर: मी राहते तिथून जवळच नूवेगेन म्हणून गाव आहे. एनसीआर कंपनीच्या तिथल्या मंडळींनी दुकानांतले गल्ले बिनतारी जोडायला जे बनवलं त्यातून पुढे वाय-फायची वाट निघाली. ८०२.११ च्या समितीचे अध्यक्षही तिथलेच, व्हिक हेज. पहिलं मानक १९९७ चं. तेव्हा वेग किती, तर १ आणि २ एमबीपीएस. गल्ल्याच्या पावतीला पुष्कळ झाला. त्यावर कोणी मुलाखत घेईल असं त्यांच्या मनातही नसेल!

शुद्धलेखन_समिती
धाग्यात जिकडेतिकडे "वाय-फाय" दिसतंय. "बिनतारी" हा उत्तम मराठी शब्द असताना...

कोल्हापुरी_ठसका
समिती आली. आता धाग्याचं काश्मीर होणार.

बिनतारी_आजोबा
शब्द निघालाच आहे तर बोलतो. मी पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागातून निवृत्त झालो. तुमची समीकरणं मला समजत नाहीत, पण चाळीस जणांनी एका वाहिनीवर बोलायचं कसं हे मी आयुष्यभर केलं आहे.

आमच्याकडे कोणीही मनात येईल तेव्हा बोलत नसे. बंदोबस्ताच्या दिवशी कंट्रोल एकेकाला नावाने हाक मारी, ज्याला हाक मारली त्यानेच बोलायचं, "ओव्हर" म्हणून सोडायचं. टक्कर नाही की उलटी मोजणी नाही. तुमच्या राउटरला हे का जमत नाही?

दुसरं. घाटात दोन जीप दोन वेगळ्या खोऱ्यांत. दोघींना डोंगरावरचा रिपीटर ऐकू येतो, पण त्यांना एकमेकींचा आवाज येत नाही. दोघी कान देतात, दोघींना वाटतं वाहिनी मोकळी आहे, दोघी एकदम बोलतात, आणि डोंगरावर नुसता कल्ला. तुमच्या त्या केबिनीतला लॅपटॉप आणि दाराबाहेर जिन्यात बसलेला पोरगा यांचं असं होत नसेल कशावरून?

तिसरी_घंटा
आजोबा, काय बोललात! दुसऱ्या मुद्द्याला पुस्तकात "लपलेलं स्टेशन" म्हणतात. तोबागी-क्लाइनरॉक यांनी १९७५ मध्येच त्यावर लिहिलंय. बियांकीच्या मूळ मॉडेलमध्ये हे नाही, तिथे सगळ्यांना सगळे ऐकू येतात. उपाय म्हणजे आधी छोटी चिठ्ठी पाठवून परवानगी मागायची. राउटर "ये" म्हणतो ते सगळ्यांना ऐकू जातं, मग बाकीचे गप्प बसतात.

पहिल्या मुद्द्याचं दुःख मोठं आहे. हाक मारून बोलवायची सोय कागदावर पहिल्यापासून होती. २००५ च्या ८०२.११ई मध्ये ती आणखी नीट करून दिली, कोणाला किती वेळ हमखास मिळेल इथपर्यंत. बाजारात ती जवळजवळ कोणी बनवलीच नाही. उचलली ती सोपी गोष्ट, शिक्क्यांची: आवाज, व्हिडिओ, साधं आणि पाठीमागचं अशा चार रांगा. आवाजाच्या रांगेला ० ते १५ ऐवजी ० ते ३ मधला आकडा. साहजिकच तो आधी शून्यावर येतो.

वाय-फाय ६ मध्ये, म्हणजे २०२१ च्या मानकात, राउटर चॅनलचे तुकडे करून "तू या तुकड्यात, तू त्या" असं सांगू शकतो. तुमचं कंट्रोल परत आलं म्हणायचं.

बिनतारी_आजोबा
उशीर झाला, पण आलं. ओव्हर.

खडूस_काकू
मग सगळ्यांनी आवाजाचा शिक्का मारून घ्यावा की. प्रश्न मिटला.

शून्यकाळ
काकूंनी खडूसपणे विचारलं, पण सगळ्यात महत्त्वाचं विचारलं. बसल्या बसल्या काढलं.

० ते ३ ची खिडकी, एकदाच दुप्पट होऊन ० ते ७. अशी दोनच यंत्रं सतत बोलत असली तरी टक्कर ३२ टक्के. साध्या रांगेतल्या दोघांना साडेदहा होती. पाच यंत्रं असली तर जवळपास ७०! साध्या रांगेत पाचांना २७.

लाल दिव्याच्या गाड्या आठवा. एक गाडी असते तोवर रस्ता मिळतो. चौकात दहा जमल्या की पोलीस कोणाला आधी सोडणार?

निळा_तांब्या
१ मे २०१७ ला दिवे काढले सर. वाय-फायवाल्यांना अजून जीआर पोचलेला दिसत नाही.

बार्शीचा_बिनधास्त
आता एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये. पंगत.

पंगतीत पन्नास जण बसलेत. एक आजोबा एकेक शीत चावून खातायत. वाढपी काय करतो? सगळ्यांचं झाल्याशिवाय पुढची वाढ नाही. तसं वाय-फायमध्ये पाळी सारखी मिळते, वेळ सारखा मिळत नाही. कोपऱ्यातला जुना मोबाइल १ एमबीपीएसने बोलत असेल तर त्याला १५०० बाइट सांगायला १२ मिलिसेकंद लागतात. शेजारचा ११ ने बोलणारा तेच १.१ मध्ये उरकतो. पाळीपाळीने बोलले की दोघांच्याही वाट्याला दर १३ मिलिसेकंदांत एकेक पाकीट. हिशोब करा, दोघंही एक एमबीपीएसच्या आत! ग्रेनोबलच्या चौघांनी २००३ मध्ये हे मोजून दाखवलं होतं.

मालक, तुमच्या हॉलच्या टोकाला, भिंतीआड, कोण बसतंय ते बघा. राउटर दाराशी ठेवलाय ना? मग केबिन म्हणजे पंगतीतले आजोबा, आणि नेमक्या त्यांनाच तुम्ही मुलाखतीला बसवलंय.

बिनतारी_आजोबा
आजोबांना मध्ये आणू नका.

बार्शीचा_बिनधास्त
तुम्ही कंट्रोल आहात, आजोबा. तुमची गोष्ट वेगळी.

रातकिडा
रात्री दीडला वाचतोय, थोडक्यात टाकतो.

१. फोनवर वाय-फाय दाखवणारं एखादं अॅप टाका आणि तुमच्या चॅनलवर किती नेटवर्कं आहेत ती मोजा. प्रत्येक नेटवर्क दर १०२.४ मिलिसेकंदांनी "मी इथे आहे" अशी दवंडी पिटतं. २.४ वर ही दवंडी बहुधा १ एमबीपीएसने असते. ३०० बाइटची धरली तर २.६ मिलिसेकंद. दहा नेटवर्कं म्हणजे २६. एक शब्द बोलायच्या आधीच चौथा हिस्सा हवा दवंडीत गेली.

२. कॉल चालू असताना मोठी फाइल वर चढवा आणि पिंग (पाकीट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) बघा. राउटरच्या पोटात हजार पाकिटं साठत असतील आणि बाहेरचा रस्ता २० एमबीपीएसचा असेल, तर शेवटच्या पाकिटाला ६०० मिलिसेकंद रांगेतच. संभाषणाला एका दिशेने १५० पर्यंतच बरं वाटतं. याला बफरब्लोट म्हणतात, नाव जिम गेटीस यांनी रूढ केलं. उपाय एफक्यू-कोडेल, म्हणजे ही रांग आटोक्यात ठेवायची एक पद्धत; राउटरमध्ये तसलं काही बटण असेल तर चालू करा. तुमचा त्रास हवेतला की पोटातला हे आधी ठरवा. बियांकीला पोटातलं दिसत नाही.

हेमा_उट्रेख्त
रातकिडा +१. आमच्याकडे त्रास पोटातला निघाला होता, आणि मी उगीच नवा राउटर घेऊन बसले.

शुद्धलेखन_समिती
"दवंडी पिटतं" फार आवडलं. समिती आपले आक्षेप मागे घेत आहे.

अभ्यासिकावाला
मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. माफ करा, परीक्षा होती (पोरांची).

काय काय केलं ते सांगतो.

अॅप टाकलं. ६ नंबरच्या चॅनलवर अकरा नेटवर्कं! त्यातली तीन माझीच. राउटर बसवणाऱ्याने एक पोरांसाठी, एक पाहुण्यांसाठी आणि एक "ऑफिस" असं करून ठेवलं होतं. ऑफिस म्हणजे मी. दोन बंद केली. जुने १ ते ११ चे वेग बंद करायची सोय सेटिंगमध्ये सापडली, तेही केलं. एका पोराचा फोन त्यानंतर जोडलाच जाईना. फार जुना होता, त्याला माझ्या शेजारची खुर्ची आणि वायर दिली. तो खूश आहे.

रातकिडा यांची पिंग चाचणी केली. संध्याकाळी साडेसातला साधी पिंग ४० ते ३०० मध्ये नाचत होती. राउटरला वायर लावून तीच पिंग केली तर १२. म्हणजे त्रास हवेतला.

हॉलच्या मध्यावर छताला दुसरा राउटर लावला, फक्त ५ गिगाहर्ट्झचा. आणि केबिनला सरळ वायर ओढली. सत्तर फूट केबल, खर्च वाय-फायच्या मानाने किरकोळ.

गेल्या शनिवारी मुलाखती झाल्या. अधिकारी साहेब म्हणाले, "आज तुमची मुलं अचानक हुशार झाली." लेक्चरं अजून कधीकधी फिरतात, विशेषतः रविवारी, पण उठून येणारे आता एक-दोनच.

शून्यकाळ
उत्तम! पण मूळ प्रश्न राहिला. हिशोबाचा उपयोग झाला की नाही?

अभ्यासिकावाला
भाच्याला फोन केला होता सर. त्याला सहा यंत्रं धरून गणित करायला लावलं, बिनधास्त म्हणाले तसं. त्याने सांगितलेला विलंब आणि माझ्या फोनवरचा, दोन्हींत काही मेळ नाही, त्याचा आकडा फारच कमी होता. शेजारची आठ नेटवर्कं आणि जिन्यातला पोरगा त्याच्या कागदावर नव्हते. पण मी त्याला चार पर्याय दिले होते: प्लॅन ३००, दुसरा राउटर, जुने वेग बंद, केबिनला वायर. यातल्या कशाने किती फरक पडेल, ओळीने लाव म्हटलं. त्याने वायर पहिली, दुसरा राउटर दुसरा, जुने वेग तिसरे आणि प्लॅन शेवटी असं लावलं. प्रत्यक्षात मीही त्याच क्रमाने लावला असता. प्लॅन १०० चाच ठेवलाय.

टपालपेटी
आकडा चुकला, क्रम बरोबर आला. आमच्या साहेबांचं उलटं होतं, आकडा ठाम आणि क्रम साफ चुकलेला.

बार्शीचा_बिनधास्त
भाच्याला एक मोदक जास्त द्या.

खडूस_काकू
म्हणजे शेवटी वायरच. मी पहिल्याच प्रतिसादात तेच म्हणणार होते, वाक्य पूर्ण करू दिलं नाहीत.

नवा_सदस्य_४०७
छान माहिती. आमच्या दोन मजली घरात वरच्या मजल्यावर रेंज येत नाही, मध्ये पाण्याची टाकी आहे. कोणता राउटर घ्यावा? बजेट १५००.

निळा_तांब्या
टाकी हलवा. आणि वेगळा धागा काढा.